सारख्या उंचीची माणसं

मृत्यूपुढे सगळी माणसं सारख्याच उंचीची होतात, असं फादर हॉरगन म्हणाले. म्हणताना त्यांनी चहाचा कप छातीशी धरला होता आणि नजर छताला लावली होती, त्यामुळे स्वयंपाकघर एकदम शांत झालं. भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या दाराने अंत्यविधीवाला क्रेमिन आत आला. त्याने टोपी काढली, सगळ्यांना एकदमच सांत्वन वाटून टाकलं, आणि खिशातून शिंप्याची टेप काढत विचारलं, "खांदेकरी कोण कोण? उंची घ्यायचीय."

ब्रीदा टूमी मोरीपाशी उभी राहून कप विसळत होती. बाहेरच्या खोलीत तिची आई, ज्युलिया लेहेन, तपकिरी झग्यात, बोटांभोवती जपमाळ गुंडाळून पडली होती. अख्खी गल्ली एकेक करून आत जात होती, "किती छान दिसतेय" म्हणत होती आणि मग हॅमची सँडविचं खायला स्वयंपाकघरात येत होती. छान न दिसायला काय झालं? केस ब्रीदाने कुरळे केले होते. गेली नऊ वर्षं, म्हातारीचं कंबरेचं हाड मोडल्यापासून, दर शनिवारी तीच करत होती. आज शनिवार नव्हता, एवढाच काय तो फरक.

"शेजारी शेजारी चालणाऱ्यांची उंची सारखी लागते," क्रेमिन सांगत होता. "बुटके पुढे, उंच मागे. जाताना पाय पुढे असतात, डोकं मागे. जोडीतल्या उंचीत फरक पडला की पेटी कलते, आणि पेटी कलली की माणूस आत घसरतो. आवाज येतो त्याचा. घरच्यांना तो आवडत नाही, असा माझा अनुभव आहे."

त्याने एकेकाला दाराच्या चौकटीला टेकवून मोजलं. मागच्या जोडीत ब्रीदाचा जावई फर्गल आणि शेजारचा पोस्टमन, दोघंही ताडमाड. मधल्या जोडीत दोन नातू. आणि पुढे, म्हातारीच्या पायाशी, तिचे दोन मुलगे.

"मॉसी, पाच फूट पाच," क्रेमिन म्हणाला. "डिनी... पाच फूट पाच. वा! केसाचाही फरक नाही. ही जोडी तर वरूनच जुळून आलीय."

फादर हॉरगननी उरलेला चहा एका घोटात संपवला. त्यांना एकाएकी कुणीतरी आजारी माणूस आठवला आणि ते निघून गेले.

मॉसी आणि डिनी अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

नदीच्या उत्तरेकडच्या अख्ख्या कॉर्क शहराला हे ठाऊक होतं. एकाच वसाहतीत दोघांची घरं, एकाच पबात दोघांच्या दोन टोकांच्या खुर्च्या. गाड्यांच्या कारखान्यात दोघं एकाच पट्ट्यावर समोरासमोर कामाला होते. मॉसी गाडीचं डावं दार बसवायचा, डिनी उजवं. मधून गाडी जायची, शब्द जायचा नाही. गाड्या व्यवस्थित धावत. कारखाना बंद पडला तो दुसऱ्याच कारणाने.

वैर उगाच नव्हतं. एका नाताळला मॉसीच्या घरी जेवताना डिनीने दोनदा रस्सा मागितला होता. टर्की मॉसीच्या बायकोने, कॉन्सेप्टाने भाजली होती. पहिल्यांदा मागितला तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्यांदा मागितला तेव्हा मॉसीने काटा खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे रस्सा," डिनी म्हणाला.

दोघा भावांचं ते शेवटचं संभाषण. तेव्हापासून दर रविवारी आईकडे जेवायला मॉसी बाराला यायचा आणि डिनी तीनला. मधल्या वेळात ब्रीदा बटाटे पुन्हा उकडायची.

"ब्रीदा," मॉसी आता म्हणाला. डिनी फ्रिजला टेकून उभा होता, म्हणून मॉसी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. "तुझ्या भावाला सांग, थोरला मुलगा मी. पुढे मी राहणार. त्याने आपली सोय बघावी."

"माझ्या भावाला सांग," डिनी फ्रिजला म्हणाला, "की चौदा महिन्यांनी मोठा म्हणजे कुणी पोप होत नाही. पुढे मी पण राहणार. पण त्याच्या गळ्यात हात घालून? ते नाही जमायचं."

"हात घालावाच लागतो हो," क्रेमिन म्हणाला. "पेटीखालून एकमेकांच्या खांद्यावर. घट्ट. त्यानेच तोल राहतो."

"त्याला सांग, मी त्याच्यापेक्षा साळिंदराच्या गळ्यात हात घालीन."

"साळिंदराला विचारलंय का म्हणावं?"

"मला काय पोस्ट ऑफिस समजता काय रे?" ब्रीदा ओरडली. हातातला कप तिने असा आपटला की कान कपापासून वेगळा झाला. "दोघं चार हातांवर उभे आहात! दोघांना कान आहेत! आणि दोघंही माझेच भाऊ आहात, काय पाप केलं होतं कुणास ठाऊक!"

"बघ, ब्रीदाला त्रास दिलास," मॉसी कॅलेंडरला म्हणाला.

चाकांची गाडी होती. क्रेमिनकडे तशी गाडी असायची आणि हल्ली बरेच लोक तीच वापरायचे. पण तो मार्ग म्हातारीने स्वतःच बंद करून ठेवला होता. गेल्या महिन्यात तिने ब्रीदाचं मनगट धरून सांगितलं होतं, "मला त्या गाडीवरून नेऊ नका हं, बाजारात कोबी नेतात तसं. चर्चच्या दारापासून फाटकापर्यंत मला खांद्यावरून न्या. माझ्या पोरांच्या खांद्यावरून. आणि सरळ न्या. सगळा पॅरिश बघत असेल." ब्रीदाने शब्द दिला. माझ्या पोरांच्या, असं म्हातारी म्हणाली होती. त्या वेळी ब्रीदा तिची पाठ पुसत होती.

शब्द तर दिला होता. आता तो पाळायचा तर पाच फूट पाच उंचीची दोन गाढवं एका जुवाला जुंपायला हवी होती, आणि उद्या सकाळी दहाला चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा होती.

मॉसीनेच तोडगा काढला. त्याच्या शेजारी फर्गलला द्यावं आणि डिनीला कुठेतरी मागे ठेवावं, म्हणजे दिसणार नाही. डिनीचाही हाच तोडगा होता, फक्त नावं उलटी. क्रेमिनने मान हलवली, तेव्हा दोघं आपापल्या दिशेला बघत एकदमच म्हणाले, "करून तर बघू."

मग भर दुपारी, घरात प्रेत असताना, मागच्या गल्लीत तालीम झाली. पोस्टमनने आपली शिडी आणली. शिडीवर कोळशाचं पोतं आडवं ठेवलं. ज्युलिया लेहेन शेवटी शेवटी त्याहून फार जड नव्हती. पुढे डावीकडे मॉसी, उजवीकडे फर्गल, मागे पोस्टमनशेजारी डिनी. फर्गल सहा फूट तीन. शिवाय तो शेजारच्या केरी परगण्याचा होता, आणि केरीचा माणूस लग्न करून कॉर्कमध्ये आला की त्याच्या प्रत्येक अडचणीचं कारण केरी हेच असतं.

"खाली वाक जरा," मॉसी म्हणाला. फर्गल गुडघ्यांत वाकला आणि अंडं घालायला जागा शोधणाऱ्या कोंबडीसारखा चालू लागला.

"कमरेतून वाक म्हणावं, कमरेतून," डिनी कुंपणाला म्हणाला. "केरीत कंबर नसते काय?"

"केरीत आम्ही भावाशेजारी भावाला उभं करतो, डिनीमामा," फर्गल धापा टाकत म्हणाला. "भांडण असलं तर घरी जाऊन करतो."

"गप रे. तुला कुणी बोलायला सांगितलं? तू उचल."

शेजारच्या भिंतीवर मिसेस गॉगिनचं डोकं उगवलं. डोक्याला केस कुरळे करायच्या नळ्या होत्या. "कुणाला नेताय रे पोरांनो?"

"कोळसा आहे, मिसेस गॉगिन."

"देव त्याच्या आत्म्याला शांती देवो," मिसेस गॉगिन म्हणाली आणि तिने क्रूसाची खूण केली.

गल्ली उताराची आहे. आमच्याकडे सगळंच उताराचं आहे. सहाजण दहाबारा पावलं चालले असतील नसतील, तोच फर्गलचे गुडघे थकले आणि तो सवयीने सरळ झाला. शिडीची एक बाजू वर गेली. पोतं क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं, मग मॉसीच्या कानावरून सुळकन घसरलं आणि फरशीवर फुटलं.

कोळसा गडगडत थेट नळापर्यंत गेला.

"ती आई होती," ब्रीदा मागच्या दारातून म्हणाली.

सहाजण कोळशाकडे बघत राहिले. डिनीने टोपी काढली.

"आता टोपी काढून काय उपयोग? आईला झाडून घ्या. फुकट जायची." ती उंबरा ओलांडून गल्लीत आली. "नऊ वर्षं! नऊ वर्षं मी ह्या बाईला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर ठेवलं. एकटीने. एकदा हातातून सुटली नाही ती. आणि तुम्ही सहा बाप्ये मिळून एक पोतं नेऊ शकत नाही, कारण एकाला रस्सा हवा होता!"

"दोनदा," मॉसी पुटपुटला.

ब्रीदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने झाडू उचलला. बाप्ये पांगले. झाडू हातात असलेल्या बाईसमोर थांबू नये, हे शिक्षण ह्या गल्लीत लहानपणीच मिळतं.

शेवटी कोळसा तिनेच गोळा केला, तिने आणि कॉन्सेप्टाने. कॉन्सेप्टा हातात सुपली घेऊन न बोलावता येऊन वाकली होती. ब्रीदा आणि कॉन्सेप्टा एकमेकींशी बोलायच्या, पण अकरा वर्षं जेवणाच्या विषयाला वळसा घालून बोलायच्या. आयरिश घरात जेवणाला वळसा घातला की हवामान आणि मयत एवढेच विषय उरतात. त्यामुळे दोघींची मैत्री तशी ओली आणि गंभीर राहिली होती.

"ब्रीदा," कॉन्सेप्टा कोळशाकडे बघत म्हणाली. "ती टर्की कोरडी होती."

ब्रीदाचा झाडू थांबला.

"लाकूड होतं नुसतं. टीव्हीवर पोपचा आशीर्वाद बघत बसले आणि भट्टीचं विसरले. डिनीने दुसऱ्यांदा रस्सा मागितला ना, तेव्हा मीच तिसऱ्यांदा घ्यायला हात पुढे केला होता."

"आणि तू बोलली नाहीस?"

"त्या दिवशी लाज वाटली गं. दुसऱ्या दिवशी वाटलं, निवळेल. मग ईस्टर आला, मग वर्ष झालं. वर्ष झाल्यावर कसं सांगायचं?"

"तोंडाने! तोंडाने सांगायचं, कॉन्सेप्टा! अकरा वर्षं मी बटाटे दोनदा उकडतेय!"

"मला माहितीय."

"आत्ता जा. आत्ताच्या आत्ता जाऊन सांग त्याला."

कॉन्सेप्टाने सुपली खाली ठेवली. "सांगून काय होईल? कारखाना गेला त्याचा. दात गेले. कुत्र्यांची शर्यत डॉक्टरने बंद केली. एवढं एक भांडण उरलंय त्याचं स्वतःचं. मी म्हटलं टर्की कोरडी होती, तर तो मला म्हणेल, तू गप बस, तुला काय कळतंय टर्कीतलं."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ब्रीदाला जास्त राग आला. खोटं असतं तर निदान भांडता आलं असतं.

संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना आटोपली, शेजारीपाजारी स्वयंपाकघरात परतले, तेव्हा तिने दोन्ही भावांना बाहेरच्या खोलीत ढकललं, क्रेमिनला साक्षीला बसवलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. आईच्या एका बाजूला मॉसी, दुसऱ्या बाजूला डिनी.

"बोला," ती म्हणाली. "आणि माझ्यामार्फत नाही. मी आजपासून बंद."

मग मॉसी खाकरला आणि खाली बघून म्हणाला, "आई, तुझ्या मुलाला सांग, मी हात घालायला तयार आहे. पण तळवा लावणार नाही. मनगटापर्यंत."

"आई," डिनी म्हणाला, "त्याला सांग, मला पण तळव्याची हौस नाही."

"देवा," ब्रीदा म्हणाली.

"हातमोजे देतो ना मी," क्रेमिन घाईघाईने म्हणाला. "काळे. कातडी. दोघांनाही. म्हणजे तसा स्पर्श नाहीच म्हणायचा."

दोघांनी विचार केला. मॉसीने आईला विचारलं की हातमोजे दोघांचे सारखेच असतील ना. क्रेमिनने आईच्या वतीने शपथ घेतली. डिनीने आईला सांगितलं की हा करार दारापासून फाटकापर्यंतच, फाटकाच्या पुढे लागू नाही. मॉसीने आईला सांगितलं की हे तो बोलणारच होता. अशा रीतीने ज्युलिया लेहेनने मेल्यावर एका संध्याकाळी जे साधलं ते जिवंतपणी अकरा वर्षांत साधलं नव्हतं, आणि तेही तोंड न उघडता. ब्रीदाला वाटलं, आपणही हेच करायला हवं होतं.

सकाळी मिस्सा यथासांग झाली. फादर हॉरगन म्हणाले की ज्युलियाचं घर म्हणजे प्रेमाचं घर होतं. पहिल्या बाकावर डावीकडे मॉसी बसला होता, उजव्या टोकाला डिनी, मध्ये तिसरा माणूस मावला असता. तिथे ब्रीदाने पर्स ठेवली होती. मिस्सा संपल्यावर माणसं बाजूच्या दारांनी बाहेर पडली, पटांगणात दुतर्फा उभी राहायला. बाहेर रिपरिप चालू होती. पावसाचे शिंतोडे आत येत होते म्हणून क्रेमिनच्या माणसांनी मुख्य दार लोटून घेतलं. द्वारमंडपात पेटी दोन लाकडी घोड्यांवर ठेवली होती. भोवती घरची माणसं आणि फादर.

"या, मंडळी," क्रेमिन हळू आवाजात म्हणाला.

मागची जोडी उभी राहिली. मधली जोडी उभी राहिली. मॉसी आणि डिनी काळे हातमोजे चढवून पुढे आले. दोघांचे चेहरे असे, जणू दंतवैद्याने दोघांना एकाच खुर्चीत बसवलंय. दोघं वाकले. मॉसीने उजवा हात पेटीखालून लांब केला. डिनीने डावा हात लांब केला. दोन हात मधोमध भेटले आणि थांबले.

"क्रेमिन," मॉसी म्हणाला, "वरचा हात कुणाचा?"

"अं?"

"दोन हात एकमेकांना ओलांडणार. एक वर येणार, एक खाली जाणार. थोरला मी. माझा वर."

"माझा वर," डिनी म्हणाला. "त्याचा वर आला तर लोकांना वाटेल माफी मी मागितली."

"मग मागायलाच हवी होती."

"कशाची? रश्शाची?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघं एकमेकांशी थेट बोलले होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्या तर मुळीच नाही. दोघंही सरळ झाले होते. पेटीवरून दोन काळी बोटं एकमेकांकडे रोखलेली होती.

"तू नेहमीच असा! बापाच्या वेळीसुद्धा तू..."

"बापाचं नाव काढू नकोस! बापाच्या वेळी तू पबात होतास!"

"तुझ्याच शेजारी होतो!"

"मंडळी, मंडळी," फादर हॉरगन म्हणाले. "आईचा तरी मान..."

"फादर, हे धरा," ब्रीदा म्हणाली.

फादरनी धरलं. बघतात तर ब्रीदाची पर्स होती. मग टोपी. मग छत्री. ब्रीदाने कोटाची बटणं काढली, कोट पर्सवर टाकला, मॉसीला कोपराने बाजूला सारलं आणि पेटीच्या पुढच्या डाव्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"मिसेस टूमी," क्रेमिन म्हणाला, "तसा नियम नाही काही, पण बायका... म्हणजे ह्या पॅरिशमध्ये अजून कुणी..."

"बायकांनी तिला नऊ वर्षं उचललं तेव्हा तुमचा पॅरिश कुठे होता, मिस्टर क्रेमिन? तेव्हा आला होतात का टेप घेऊन?"

क्रेमिनची नजर धंद्याला जागून तिच्या टाचांपासून डोक्यापर्यंत गेली. "पाच फूट पाच," तो स्वतःशीच म्हणाला.

"ब्रीदा, वेडेपणा करू नकोस," मॉसी म्हणाला. "लोक काय म्हणतील? दोन मुलगे असताना?"

"म्हणतील, दोन मुलगे होते."

"मी उभा राहतो तुझ्याशेजारी," डिनी घाईने म्हणाला. "तुझा हात वर चालेल मला."

"मी राहतो! थोरला मी!"

"थोरली मी आहे!" ब्रीदा म्हणाली, आणि तिचा आवाज रिकाम्या चर्चमध्ये वेदीपर्यंत जाऊन परत आला. "तुम्हा दोघांच्या आधी मी आले ह्या बाईच्या पोटी! तुमचे लंगोट मी धुतलेत! चौदा महिने, चौदा महिने काय लावलंय? मी सहा वर्षांनी मोठी आहे. एकाने तरी कधी म्हटलं, ब्रीदा थोरली? क्रेमिनने मोजलं मला? तिने मोजलं?" शेवटचं वाक्य पेटीकडे बघून गेलं. ते जायला नको होतं, पण गेलं. "मागे व्हा. दोघंही. एकालाही हात लावू देणार नाही मी."

भाऊ मागे झाले. त्या आवाजासमोर त्यांना आपण अनुक्रमे सात आणि सहा वर्षांचे असल्याचं आठवलं असावं.

पण उजवं टोक रिकामं होतं. एका खांद्याने पेटी उचलत नाही. क्रेमिनने घड्याळ पाहिलं. फादर हॉरगन दोन्ही हातांत बायकी सामान घेऊन उभे होते, त्यामुळे त्यांना आशीर्वादही देता येत नव्हता.

तेव्हा मागून टाचांचा आवाज आला. कॉन्सेप्टाने आपली पर्स फादरच्या ढिगावर ठेवली. तिने बूट काढले, पायमोज्यांनिशी गार फरशीवर उभी राहिली, आणि आपली उंची बरोबर आहे की नाही हे बघायला खांदा ब्रीदाच्या खांद्याला लावला. बरोबर होती.

"कॉन्सेप्टा!" मॉसी म्हणाला. "तू? बूट घाल!"

"तू गप बस," कॉन्सेप्टा म्हणाली. "तुला काय कळतंय त्यातलं."

ब्रीदाने हात पेटीखालून लांब केला. कॉन्सेप्टानेही. कुणाचा हात वर गेला आणि कुणाचा खाली, ते दोघींपैकी एकीनेही पाहिलं नाही. बोटं खांद्यात रुतली. "एक, दोन," क्रेमिन म्हणाला, आणि पेटी वर आली.

जड होती. ओकचं लाकूड, पितळी कड्या. ब्रीदाच्या कानाशी लाकूड घासलं आणि त्याला पॉलिशचा वास होता. मागे फर्गलचा श्वास ऐकू येत होता. पेटी जराही कलली नाही. आत काही घसरलं नाही, आवाज आला नाही. कॉन्सेप्टा हळूच म्हणाली, "आहेस ना?" ब्रीदा म्हणाली, "आहे." तिच्या अंगात राग होता, नऊ वर्षांचा, अकरा वर्षांचा, एकोणसाठ वर्षांचा, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो काही कामाला येत होता. तिला वाटलं, एवढ्या रागावर आपण आईला फाटकापर्यंतच काय, नदी ओलांडून, डोंगर चढून, सरळ डब्लिनपर्यंत नेऊ. बाहेर सगळा पॅरिश उभा होता. बघू देत. हनुवटी वर करून ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. मागे दोन भाऊ, शेजारी शेजारी, काळ्या हातमोज्यांतले रिकामे हात घेऊन.

क्रेमिनच्या माणसांनी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या.

"डावा पाय," क्रेमिन म्हणाला.

ब्रीदाने डावा पाय टाकला. मग उजवा.

पाऊस होता म्हणून फाटकाशी उभी राहायची शववाहिका मागे घेऊन थेट पायरीला लावलेली होती.